नागपुरात हॉकीवाल्या गे लव्हस्टोऱ्या काऊन वाचल्या जाऊन राहिल्या? थोडी पार्श्वभूमी

आइस हॉकी आपल्याकडे कोणी खेळत नाही, बर्फ आपल्याला माहीत तो गोळ्यावाल्याच्या गाडीवरचा. तरी धरमपेठ, सदर, मानेवाडा, कुठल्याही भागातल्या वाचणाऱ्या पोरींना विचारा (पोरंही वाचतात, ते जरा उशिरा कबूल करतात), भर मे महिन्यात कूलरसमोर पडून फोनवर कॅनडातल्या दोन हॉकी प्लेयर्सची गोष्ट वाचलेल्या दोन-तीन तरी निघतीलच. नोव्हेंबर 2025 मध्ये 'हीटेड रायव्हलरी' ह्या, दोन प्रतिस्पर्धी हॉकी प्लेयर्सच्या लपलेल्या प्रेमाच्या गोष्टीवरची सिरीज आली आणि ज्यांनी आयुष्यात असं काही वाचलं नव्हतं तेही विचारायला लागले की हे नवीन काय फॅड आहे. फॅड नाही हे. रेचल रीडची मूळ कादंबरीच 2019 ची आहे आणि तिच्या मागची वाट तर शंभर वर्षांच्याही पलीकडे जाते.

सुरुवात मी क्रिकेटपासून करते, कारण ते आपलं. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहून काढली 1913-14 मध्ये. त्यात एका इस्टेटीवर मॅच असते आणि साहेबलोकातला मॉरिस आणि तिथला शिकारराखणदार अ‍ॅलेक एकत्र बॅटिंग करतात. एरवी ह्या दोघांना चारचौघात शेजारी उभं राहायची सोय नव्हती, पण पिचवर कोणी काही म्हणू शकत नाही! मला वाटते खेळ आणि ही प्रेमकथा एवढी जुळते ती इथेच, खेळात दोन पुरुषांनी एकमेकांना मिठी मारली, एकमेकांसाठी रडले, वर्षानुवर्षं एकमेकांचाच विचार केला तरी लोकं टाळ्या वाजवतात. फॉर्स्टरचा हट्ट होता की शेवट सुखाचाच पाहिजे, आणि त्या हट्टापायी पुस्तक आयुष्यभर कपाटात राहिलं, तो गेला 1970 ला, पुस्तक आलं 1971 ला.

मग 1974, पॅट्रिशिया नेल वॉरनची 'द फ्रंट रनर'. ती स्वतः लांब पल्ल्याची रनर, बायकांना मोठ्या शर्यतीत अधिकृतपणे धावू द्या म्हणून भांडणाऱ्यांपैकी एक. कोच आणि त्याचा धावपटू यांची गोष्ट, न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत गेलेली, आणि पुढे या पुस्तकाचं नाव घेऊन निघालेले गे धावपटूंचे फ्रंट रनर्स क्लब आजही जगभर धावून राहिले. पण शेवटी त्या पोराला माँट्रियल ऑलिंपिकच्या ट्रॅकवर, भर शर्यतीत गोळी घालतात. मी ते वाचून खूप रडली होती. तेव्हाच्या गे कादंबऱ्यांत मरण जणू ठरलेलंच असे, आणि आपल्याकडेही वेगळं नव्हतं, तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' नाटकातली मित्रा पण शेवटी जीवच देते.

हे बदललं ते बरंचसं बायकांनी आणि ते पण फुकटात. अमेरिकेत सत्तरच्या दशकात 'स्टार ट्रेक' ह्या टीव्ही सिरीजमधल्या कर्क आणि स्पॉक ह्या दोन पुरुषांच्या प्रेमकथा फॅन बायका स्वतः छापून पोस्टाने पाठवायच्या, आणि जपानमध्ये ऐंशीच्या दशकात 'कॅप्टन त्सुबासा' ह्या शाळकरी मुलांच्या फुटबॉल मांगावर (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स) मुलींनी ढिगाने स्वतःचे कॉमिक्स काढले, ज्यात मैदानावरचे प्रतिस्पर्धी एकमेकांच्या प्रेमात. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटते. नेहमीच्या रोमान्समध्ये मुलगी कितीही हुशार दाखवली तरी कोण कोणाला सांभाळणार, लग्नानंतर नोकरी कोण सोडणार हे मागून डोकावतेच, इथे दोघं सारख्याच ताकदीचे, दोघांचंही करियर पणाला, आणि बाईच्या अंगावर कोणाची नजर नाही त्यामुळे वाचताना मोकळं वाटते. 'बायका गे पुरुषांची मजा घेतात' ही टीका पण आहे आणि ती ऐकायला पाहिजे, काही पुस्तकांत तर ते दोघं बाहुल्यांसारखेच वागतात. पण वाचणाऱ्यांत आणि लिहिणाऱ्यांत गे, बाय, ट्रान्स लोकं पहिल्यापासून आहेत हे टीका करणारे विसरतात.

पुढचं पटापट झालं. ई-बुक आलं, दुकानात जाऊन कव्हर दाखवायची लाज संपली. 2013 मध्ये न्गोझी उकाझूने 'चेक, प्लीज!' हे कॉलेज हॉकीचं वेबकॉमिक सुरू केलं, 2015 मध्ये सरिना बोवेन आणि एल केनेडीची 'हिम' कादंबरी आली (बर्फवालं हिम नाही, इंग्रजीतलं Him), मग रीड. हे सगळं रोमान्सच्या कपाटातलं, आणि रोमान्सची अटच असते की शेवटी दोघं एकत्र.

हॉकीच काऊन, तर एनएचएल ही अमेरिका-कॅनडाची मोठी आइस हॉकी लीग 1917 पासून चालू आहे आणि तिथे खेळत असताना 'मी गे आहे' असं उघड सांगणारा एकही खेळाडू आजवर झालेला नाही. ल्यूक प्रोकॉपने 2021 मध्ये सांगितलं, तो नॅशव्हिल टीमच्या करारावरचा तरुण खेळाडू, एनएचएलची मॅच तेव्हा खेळलेला नव्हता. फुटबॉलमध्ये जस्टिन फॅशानू 1990 ला बोलला आणि त्याच्यानंतर ब्रिटनमध्ये खेळत असलेला पुढचा पुरुष प्रोफेशनल बोलायला 2022 उजाडलं, जेक डॅनियल्स. क्रिकेटमध्ये इंग्लंडचा कीपर स्टीव्हन डेव्हिस 2011 ला बोलला. बायकांच्या क्रिकेटमध्ये चित्र किती वेगळं बघा, मुंबई इंडियन्सची नॅट सिव्हर-ब्रंट आपल्याच इंग्लंडच्या टीममधल्या कॅथरीनशी लग्न करून उघड संसार करते. पुरुषांच्या खेळात जे दिसतच नाही ते वाचक कादंबरीत शोधतात, मला तरी हेच कारण पटते.

आणि आपण तर कायद्याचा हिंदोळा पाहत मोठे झालो. 2009 ला दिल्ली हायकोर्टाने गे संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सोडवलं, 11 डिसेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टाने परत गुन्हेगार केलं, 6 सप्टेंबर 2018 ला परत सोडवलं, 2023 ला लग्नाचा हक्क मात्र नाही दिला. नागपुरात सारथी ट्रस्ट गे, ट्रान्स लोकांसाठी बऱ्याच वर्षांपासून काम करून राहिली, तरी घरी बोलायचं म्हणजे अजूनही आधी दार लावून घ्यावं लागते. अशा घरात बसलेल्या पोराला दोन माणसं दहा वर्षं लपूनछपून प्रेम करतात आणि शेवटी लपणं सोडतात ही गोष्ट काय देत असेल, हे समजायला हॉकीचे नियम यायची गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच की आता कोणीतरी हे मराठीत लिहा. आपल्या विदर्भाने तीनदा रणजी जिंकलीय, 2017-18, 2018-19 आणि 2024-25. जामठ्याचं ऊन, पाहुण्या गावातल्या हॉटेलची दोघांत एक खोली, सिलेक्शनची टांगती तलवार, रात्री आईचा फोन की अमरावतीचं स्थळ आलंय, मुलगी इंजिनियर आहे, एकदा बघून तर घे. सगळं सामान तयार आहे आणि वाचणारे तर केव्हाचे थांबून आहेत.