संयत विनोदपट, ब्रिटिश

अंगविक्षेप, टाळीबाज संवाद आणि रडारड टाळून साध्या माणसांच्या स्वभावातूनच हसू आणि हुरहूर निर्माण करणारा ब्रिटिश चित्रपटांचा एक प्रवाह. इंग्रजी समीक्षेत तो बहुधा ‘कॉमेडी-ड्रामा’ या सैल नावाखाली येतो. आपण काही गमतीचे करीत आहोत याची पात्राला जाणीव नसते. ते आपले काम मनापासून करीत असते. हे या प्रवाहाचे मुख्य लक्षण मानावे लागते.

उगम : पश्चिम लंडनमधील ईलिंग स्टुडिओत या प्रवाहाचा आरंभ झाला, असे सर्वसाधारणपणे मानतात. तेथे १९०२ पासून चित्रपट बनत होते; १९३८ मध्ये निर्मितीची सूत्रे मायकेल बाल्कन याच्याकडे आली आणि १९५५ मध्ये वास्तू बीबीसीला विकली गेली. नेमका पहिला चित्रपट कोणता, याबद्दल मात्र एकमत नाही. बहुतेक ग्रंथ चार्ल्स क्राइटन याच्या ‘ह्यू अँड क्राय’ला (१९४७) तो मान देतात. मुलांच्या साप्ताहिकातील चित्रकथेतून चोर एकमेकांना सांकेतिक निरोप पाठवतात हे एका पोराच्या लक्षात येते, अशी त्याची कथा आहे. ती मुळात साहसकथा असल्यामुळे काहींच्या मते खरी सुरुवात १९४९ मध्ये धरावी. त्या वर्षी एप्रिल ते जून या अवधीत ‘पासपोर्ट टू पिमलिको’, ‘व्हिस्की गॅलोर!’ आणि ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ हे तिन्ही चित्रपट प्रदर्शित झाले. येथे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, कारण बॉम्बहल्ल्यात पडलेल्या खऱ्या लंडनमध्ये कॅमेरा नेऊन तिथल्या ढिगाऱ्यांत विनोद शोधण्याची रीत ‘ह्यू अँड क्राय’मध्येच पक्की झालेली दिसते.

हा वाद तारखेपुरता नाही. ईलिंगमध्ये त्याआधीही विनोदी चित्रपट होत; पण जॉर्ज फॉर्म्बी आणि विल हे या विनोदी नटांचे ते चित्रपट म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी व नकलांच्या लोकप्रिय करमणुकीच्या, रंगमंचावरून आलेले होते व नटाच्या हुकमी लकबींवर चालत. युद्धकाळात सरकारी टपालखात्याच्या माहितीपट विभागातून ब्राझीलचा दिग्दर्शक अल्बेर्तो काव्हालकांती ईलिंगमध्ये आला. त्याच्यामुळे बाह्यचित्रण, खऱ्या वस्तीतले चेहरे आणि कामात गढलेला माणूस पाहण्याची सवय स्टुडिओला लागली. म्युझिक हॉलचा वारसा नाकारता येत नाही. तरी पुढच्या चित्रपटांतला संयम माहितीपटाकडूनच आला असावा.

‘पासपोर्ट टू पिमलिको’चे उदाहरण घेता येईल. न फुटलेला बॉम्ब फुटल्यावर सापडलेल्या जुन्या दस्तऐवजावरून लंडनमधील पिमलिको ही आपली वस्ती बर्गंडी या फ्रान्समधील जुन्या संस्थानाच्या मुलखात मोडते असे रहिवाशांना कळते; मग ब्रिटनचे रेशनिंग आपल्याला लागू नाही म्हणून ते रेशनपुस्तके फाडून टाकतात. पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क याला ही कल्पना युद्धकाळातील एका बातमीवरून सुचली, असे सांगतात. डच राजकन्या जन्मतः केवळ डच नागरिक ठरावी म्हणून १९४३ मध्ये ओटावातील रुग्णालयाचा प्रसूतिकक्ष कॅनडाच्या अधिकारक्षेत्राबाहेर असल्याचे जाहीर केले होते. चित्रीकरण पिमलिकोत झाले नाही. नदीपलीकडे लँबेथमधील बॉम्बने मोकळ्या पडलेल्या जागेवर देखावा उभारला होता. अखेरीस वस्ती पुन्हा ब्रिटनमध्ये येते, नवी रेशनपुस्तके हाती पडतात, पाऊस सुरू होतो, आणि लोकांच्या तोंडावर समाधान असते.

अभ्यासक चार्ल्स बार याने १९७७ च्या ग्रंथात ईलिंगचे दोन कल दाखवले. एक क्लार्कचा, शेजारधर्मावर भरवसा ठेवणारा. दुसरा रॉबर्ट हॅमर व अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांचा, अधिक कठोर. ही विभागणी आजही बहुतेकांना मान्य आहे. ‘काइंड हार्ट्स’मध्ये ॲलेक गिनेसने एकाच सरदार घराण्यातील आठ जण रंगवले, त्यांपैकी बहुतेकांचे खून करणारा नायक सारी हकीकत अदबशीर आवाजात सांगतो. मॅकेंड्रिकच्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये (१९५५) दरोडेखोरांच्या टोळीला एका वृद्धेच्या सभ्यतेपुढे हार खावी लागते.

विस्तार : स्कॉटिश दिग्दर्शक बिल फोर्सिथ याच्या ‘लोकल हीरो’मध्ये (१९८३) या शैलीने सर्वांत मोकळा श्वास घेतला, असे म्हणता येईल. ह्यूस्टनच्या तेलकंपनीचा माणूस शुद्धीकरण कारखान्यासाठी अख्खे किनाऱ्याचे गाव विकत घ्यायला येतो. गावकरी विरोध करत नाहीत. त्यांना विकायचेच असते. गाव एक, पण ते दोन किनाऱ्यांवर चित्रित झाले : घरे ईशान्येकडील पेनन येथली, वाळूचा किनारा पश्चिमेचा. गावात लाल रंगाची एक टेलिफोन पेटी आहे. पाहुणा तेथून नाणी टाकून मालकाशी बोलतो, आणि मालक व्यवहाराआधी आकाशाची चौकशी करतो. शेवटी पाहुणा ह्यूस्टनच्या घरी परततो, खिशातले शिंपले टेबलावर ठेवतो. मग दूरवरून गाव दिसते आणि रिकाम्या पेटीत फोन वाजू लागतो. कोणी केला हे सांगितले जात नाही. पात्राने न बोललेले वाक्य प्रेक्षकाने मनात पुरे करायचे असते. या चित्रपटांची गोडी, आणि ते पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटणे, यातच आहे. फोर्सिथला या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला.

माइक ली याची पद्धत वेगळी आहे. तो तयार पटकथेविना नटांबरोबर महिनोन्महिने तालमी घेऊन पात्रे घडवतो. ‘सीक्रेट्स अँड लाइज’ला (१९९६) कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. उत्तर इंग्लंडमधील बंद पडलेल्या उद्योगांवर ‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) व ‘द फुल माँटी’ (१९९७) हे चित्रपट आले. दुसऱ्यात पैशांसाठी कपडे उतरवण्याचा नाच बसवणारे शेफील्डचे बेरोजगार पोलादकामगार भत्त्याच्या रांगेत उभे असताना रेडिओवर त्यांच्या नाचाचे गाणे लागते. कोणी रांग सोडत नाही; आधी एकाचा खांदा हलतो, मग दुसऱ्याची कंबर.

२००० नंतर हा प्रवाह उतारवयाच्या पात्रांकडे वळला. ‘कॅलेंडर गर्ल्स’ (२००३) आणि जयपूरमध्ये घडणारा ‘द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल’ (२०११) ही त्याची परिचित उदाहरणे होत. त्यांत भावना पूर्वीपेक्षा उघडपणे बोलून दाखवली जाते. म्हणून त्यांना या प्रवाहाच्या सीमेवर ठेवणे योग्य ठरेल.