घरगुती प्रिंटरची झोप: वीजबचतीच्या सेटिंग्ज कोठून आल्या

घरगुती प्रिंटरच्या मेनूत विजेशी संबंधित साधारणपणे तीन सेटिंग्ज आढळतात. काही मिनिटे काम नसल्यास स्लीपमध्ये, म्हणजे कमी विजेच्या अवस्थेत, जाण्याची वेळ, काही तासांनंतर यंत्र आपोआप बंद करणारी ऑटो-ऑफची सोय, आणि वाय-फाय चालू किंवा बंद ठेवण्याचा पर्याय. त्या शेजारीशेजारी दिसत असल्याने एकाच विचारातून आल्या असाव्यात असा समज होतो. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींवरचे उपाय म्हणून आल्या. कोणती सेटिंग कोणत्या अडचणीसाठी निर्माण झाली हे लक्षात आले, तर आपल्या यंत्राला तिची गरज आहे की नाही हे ठरवणे सोपे जाते.

सर्वांत जुनी सेटिंग स्लीपची, आणि तिचे मूळ लेझर प्रिंटरच्या उष्णतेत आहे. रिबनवर सुया आपटून छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला रिकामे बसताना फारशी वीज लागत नसे, आणि त्याचे खटक्याचे बटण बंद केले की वीजपुरवठा खरोखर तुटत असे. लेझर प्रिंटरचे तसे नव्हते. झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी १९६९च्या सुमारास या तंत्रावर काम सुरू केले, १९७७मध्ये झेरॉक्स ९७०० हे मोठे यंत्र बाजारात आले, आणि १९८४मध्ये कॅनॉनच्या यंत्रणेवर आधारलेल्या एचपी लेझरजेटने हे तंत्र टेबलावर आणून ठेवले. या सर्व यंत्रांत टोनर म्हणजे प्लॅस्टिकची अतिशय बारीक, रंगीत भुकटी असते. ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावरून कागदावर आलेली ही भुकटी नुसत्या हाताने पुसली जाऊ शकते; ती कायमची बसवण्यासाठी कागद फ्यूझर नावाच्या भागातून, सुमारे २०० अंश सेल्सिअस तापलेल्या रुळाखालून दाबून न्यावा लागतो.

जुन्या फ्यूझरमध्ये धातूचा जाड, पोकळ रूळ असे आणि त्याच्या पोटात हॅलोजनचा दिवा. एवढा धातू तापायला वेळ लागतो, आणि बटण दाबल्यावर पहिला कागद येईपर्यंत ताटकळत बसायला कोणीही तयार नसते. म्हणून उत्पादकांनी रूळ सतत तापलेला ठेवण्याचा मार्ग पत्करला. प्रिंटर दिवसभर चालू, छपाई मात्र काही मिनिटांची, आणि उरलेला सगळा वेळ रुळाची उष्णता टिकवण्यात वीज जात राहते, अशी ती व्यवस्था होती. संध्याकाळी कोणी बंद करायला विसरले, की रात्रभरही तेच.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२मध्ये एनर्जी स्टार ही ऐच्छिक योजना सुरू केली ती आधी संगणक आणि मॉनिटरसाठी. १९९३मध्ये तिच्यात प्रिंटर आले. वापर नसताना यंत्राने ठरावीक वेळेत आपोआप कमी विजेच्या अवस्थेत जावे, ही तिची मुख्य अट होती. योजना ऐच्छिक असूनही झपाट्याने पसरली, याचे कारण एप्रिल १९९३मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी काढलेल्या कार्यकारी आदेशात सापडते. केंद्र सरकारच्या खात्यांनी एनर्जी स्टारच्या निकषांत बसणारे संगणक, मॉनिटर आणि प्रिंटरच विकत घ्यावेत, असे त्या आदेशाने सांगितले. एवढा मोठा ग्राहक गमावणे कोणत्याही उत्पादकाला परवडणारे नव्हते, आणि सरकारी कार्यालयांसाठी बदललेली यंत्रेच पुढे घरांतही पोहोचली. घरातल्या प्रिंटरला स्लीप मिळाली ती अशी, कार्यालयांच्या मार्गाने.

ही स्लीप सुरुवातीला लोकांना नकोशी वाटली, हे समजण्यासारखे आहे. झोपलेल्या प्रिंटरचा रूळ थंड झालेला असे, आणि एका पानासाठी तो पुन्हा तापेपर्यंत थांबावे लागे. त्यामुळे अनेक जण स्लीपची वेळ वाढवून ठेवत किंवा ती सोय बंदच करत. या अडचणीचे खरे उत्तर यंत्राच्या रचनेतूनच आले. १९९०च्या दशकात कॅनॉनच्या यंत्रणांमधून नव्या पद्धतीचा फ्यूझर प्रचारात आला, ज्यात जाड रुळाच्या जागी पातळ फिल्मची नळी असते आणि तिच्या आत सिरॅमिकचा छोटा हीटर बसवलेला असतो. तापवायचे वस्तुमानच इतके कमी, की काही सेकंदांत हवे ते तापमान गाठता येते आणि छपाई नसताना फ्यूझर गरम ठेवण्याची गरजच उरत नाही. माझ्या मते प्रिंटरच्या वीजबचतीच्या संपूर्ण इतिहासात याहून महत्त्वाची घटना दुसरी नाही. एकही नियम न वाचता, एकही सेटिंग न बदलता, वापरणाऱ्याच्या विजेची बचत त्यातून होऊ लागली. आजच्या छोट्या लेझर प्रिंटरमध्ये स्लीपची वेळ एक मिनिटावर आणली तरी वाट पाहावी लागते ती थोडीच. तीस मिनिटांचा पर्याय निवडण्यामागे जुन्या रुळाची सवय असते, यंत्राची गरज क्वचितच.

मोजण्याची पद्धतही यानंतर बदलावी लागली. स्लीपमध्ये किती वॅट लागतात एवढेच पाहून चालत नाही. यंत्र त्या अवस्थेत किती लवकर जाते आणि जागे होताना किती ऊर्जा घेते, हेही तितकेच महत्त्वाचे असते. एनर्जी स्टारने २००७पासून लेझर पद्धतीच्या यंत्रांसाठी आठवडाभराच्या ठरावीक कामाचा एकूण वीजवापर मोजण्याचा निकष लावला. शाईचे थेंब कागदावर सोडणाऱ्या इंकजेटसाठी मात्र अवस्थांनुसार वॅट मोजण्याची पद्धत चालू राहिली, कारण तेथे फ्यूझर नसतो आणि छपाईच्या वेळची वीजही तुलनेने किरकोळ असते.

दुसरी सेटिंग, ऑटो-ऑफ, वेगळ्याच चळवळीतून आली. १९९०च्या दशकात घरांतील उपकरणांची बटणे बदलत गेली. वीजपुरवठा तोडणाऱ्या खटक्याऐवजी आतल्या सर्किटला नुसता इशारा देणारे बटण आले, काही छोट्या लेझर प्रिंटरांना तर बंद करण्याचे बटणच दिले गेले नाही, आणि बंद दिसणारे यंत्रही अडॅप्टरमधून थोडी वीज घेत राहिले. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधक ॲलन मायर यांनी या स्टँडबाय विजेकडे लक्ष वेधले आणि प्रत्येक उपकरणाची ही गळती एक वॅटच्या आत आणावी असा प्रस्ताव मांडला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९मध्ये तो उचलून धरला. अनेक विकसित देशांत घरगुती विजेचा ५ ते १० टक्के भाग अशा स्टँडबायमध्ये जातो, असा अंदाज तेव्हा पुढे आला होता. हिशेब साधा आहे: पाच वॅट घेणारे यंत्र वर्षाचे ८,७६० तास जोडलेले राहिले तर सुमारे ४४ युनिट खर्च होतात, अर्ध्या वॅटवर तोच आकडा साडेचार युनिटांच्याही खाली येतो.

युरोपीय संघाने २००८च्या १२७५ क्रमांकाच्या नियमाने या विचाराला कायद्याचे बळ दिले. २०१०पासून बंद अवस्थेसाठी एक वॅटची आणि २०१३पासून अर्ध्या वॅटची मर्यादा लागू झाली, आणि मुख्य काम चालू नसेल तर उपकरणाने आपण होऊन कमी विजेच्या अवस्थेत जाण्याची सोयही २०१३पासून बंधनकारक झाली. प्रत्येक बाजारपेठेसाठी वेगळे यंत्र बनवण्यापेक्षा एकच रचना सर्वत्र विकणे उत्पादकांना सोयीचे असते, म्हणून युरोपच्या नियमांची छाप युरोपबाहेर विकल्या जाणाऱ्या प्रिंटरच्या मेनूवरही दिसते.

घरात मात्र बहुतेक वेळा इंकजेट असतो, आणि त्याचा प्रश्न उष्णतेचा नसून शाई वाळण्याचा आहे. १९८४च्या एचपी थिंकजेटपासून पुढे हे प्रिंटर घरोघरी पोहोचले. त्यांच्या प्रिंट हेडची, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाची, छिद्रे केसाहूनही बारीक असतात आणि उघडी राहिली की शाई त्यांत घट्ट होते. म्हणून काम संपल्यावर हेड बाजूला जाऊन रबरी टोपणावर बसते आणि छिद्रे झाकली जातात. प्रिंटरच्या बटणाने बंद केल्यास ही क्रिया पूर्ण होते. छपाई चालू असताना किंवा नुकतीच थांबली असताना भिंतीवरचे बटण बंद केले, तर हेड वाटेतच उघडे राहू शकते. शिवाय पुन्हा वीज मिळाल्यावर बरेच प्रिंटर हेडची सफाई करतात आणि त्यात शाई खर्च होते. वीज वाचवण्याच्या भल्या हेतूने इंकजेटचा प्लग रोज काढणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. बंद अवस्थेत अर्ध्या वॅटहून कमी वीज घेणाऱ्या यंत्रात त्यातून वाचणारी वीज अगदी थोडी असते, उलट सफाईत जाणारी शाई आणि बंद पडलेले हेड महागात पडते. प्लग काढायचाच असेल तर आधी प्रिंटरचे बटण दाबून दिवा विझेपर्यंत थांबणे आवश्यक आहे. ऑटो-ऑफ या बाबतीत उपकारक ठरते, कारण ती हेड जागेवर बसवूनच यंत्र बंद करते.

तिसरी सेटिंग आणली नेटवर्कने. प्रिंटर केबलने एकाच संगणकाला जोडलेला असताना त्याने पूर्ण बंद व्हावे हे ठीक होते. वाय-फाय आल्यावर, आणि २०१०मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणल्यानंतर फोनवरूनही छपाई होऊ लागल्यावर, प्रिंटरने कोणत्याही क्षणी हाकेला ओ द्यावी अशी अपेक्षा निर्माण झाली. ओ देण्यासाठी निदान नेटवर्कचा भाग जागा ठेवावा लागतो. युरोपीय संघाने २०१३च्या ८०१ क्रमांकाच्या दुरुस्तीने यालाही मर्यादा घातली: सामान्य नेटवर्क उपकरणांसाठी २०१५पासून सहा वॅट, २०१७पासून तीन आणि २०१९पासून दोन वॅट. काम नसेल तर जास्तीत जास्त वीस मिनिटांत या अवस्थेत जाणे आणि वाय-फाय बंद करण्याचा पर्याय वापरणाऱ्याला देणे, याही अटी त्यात होत्या. २०२३चा ८२६ क्रमांकाचा नियम ९ मे २०२५पासून या दोन्हींच्या जागी आला आहे.

ऑटो-ऑफ नेमून दिलेली असूनही प्रिंटर बंद होत नाही, ही नेहमीची तक्रार येथेच उलगडते. पूर्ण बंद झालेला प्रिंटर नेटवर्कवरून सहसा जागा करता येत नाही, म्हणून अनेक मॉडेलांत नेटवर्क जोडलेले असेपर्यंत ऑटो-ऑफ लागूच होत नाही. काही उत्पादक तर निष्क्रिय राहिल्यास बंद आणि जोडणी तुटल्यास बंद असे दोन स्वतंत्र पर्याय देतात. उलट तक्रारही तितकीच परिचयाची आहे: झोपलेला प्रिंटर संगणकावर ऑफलाइन दिसतो. गाढ स्लीपमध्ये मुख्य प्रोसेसर थांबलेला असतो आणि स्थिती विचारणाऱ्या संदेशाला वेळेत उत्तर गेले नाही, तर संगणक प्रिंटर नाहीच असे धरून चालतो. काही यंत्रांत याच्या नेमके विरुद्ध घडते. घरातील इतर उपकरणांचे नेटवर्कवरील शोधसंदेश त्यांना वारंवार उठवत राहतात.

अगदी अलीकडे या तिन्ही सेटिंग्जवर आणखी एक दाब आला आहे. एचपीने २०१३मध्ये सुरू केलेल्या इन्स्टंट इंकसारख्या वर्गणीच्या योजनांत प्रिंटरने छापलेली पाने आणि उरलेली शाई इंटरनेटवरून कळवायची असते, तर फर्मवेअर, म्हणजे यंत्रातले अंगभूत सॉफ्टवेअर, अद्ययावत होण्यासाठीही त्याला जोडलेले राहावे लागते. अशा योजनेतील प्रिंटरचे वाय-फाय कायमचे बंद करून चालत नाही. त्याच्यासाठी स्लीपची वेळ कमीत कमी ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. वर्गणी नसलेला, महिन्यातून चारदोन पानेच छापणारा इंकजेट मात्र बटणाने बंद करून ठेवावा आणि शाई वाहती राहावी म्हणून अधूनमधून एखादे रंगीत पान छापावे.