रानडुक्कर आणि तांबेरा : पीक विम्यातल्या एका भेदाची पार्श्वभूमी

सोयाबीन तांबेरा या बुरशीजन्य रोगाने करपले काय किंवा रानडुकरांनी लोळवले काय, शेतकऱ्याचा हंगाम जातोच. पीक विम्याने मात्र या दोन नुकसानींना वर्षानुवर्षे वेगळा न्याय लावला.

बुरशी आधीपासूनच विम्याच्या आत होती. १९९९-२००० च्या रब्बीत आलेल्या राष्ट्रीय योजनेने कीड-रोगांना 'न टाळता येणारी' जोखीम मानले. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आले, त्यामुळे त्याचे नुकसान वनखात्याच्या पंचनाम्याकडे गेले.

खरा वाद २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेचा. तिने जनावरांनी केलेली नासधूस टाळता येण्याजोग्या जोखमींबरोबर वगळली. हा निर्णय उलटा होता, असे स्पष्ट म्हणायला हवे. तांबेऱ्यावर बुरशीनाशकाची फवारणी आहे, फुले संगमसारखे त्याला तोंड देणारे वाण आहेत. डुकराला परवानगीशिवाय मारता येत नाही, आणि रात्रभर जागल करूनही कळप शिरतोच. मग टाळता येण्याजोगे नुकसान नेमके कोणते? २०१८ च्या सुधारित नियमांनी वन्यप्राण्यांसाठी जादा संरक्षण प्रायोगिक म्हणून राज्यांच्या मर्जीवर ठेवले.

मोजणीतही फरक आहे. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात, अख्ख्या महसूल मंडळातली (काही गावांच्या गटातली) शिवारे पिवळी पडतात. मंडळाचे सरासरी उत्पन्न घसरले की ते पीक कापणी प्रयोगात, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून केलेल्या मोजणीत, दिसते आणि भरपाई लागू होते. डुकरे डोंगराकडेचे एक शेत उकरतात, शेजारचे तसेच राहते. सरासरी हलत नाही. म्हणून प्राण्यांच्या नुकसानीला शेतनिहाय पाहणीवाचून इलाज नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने हे मान्य केले. खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांचा हल्ला स्थानिक जोखमीत, म्हणजे शेतनिहाय पाहिल्या जाणाऱ्या नुकसानीत, धरला जाईल आणि शेतकऱ्याने ७२ तासांत ॲपवर फोटोसह नोंद करायची आहे. पण हे संरक्षण राज्याने अधिसूचित केल्यावरच मिळते. महाराष्ट्राने तर २०२५ च्या खरिपात एक रुपयाचा विमा बंद करताना स्थानिक जोखमीची भरपाईही काढून टाकली आणि फक्त कापणी प्रयोगावरची भरपाई ठेवली होती. या चौकटीत तांबेरा बसतो, रानडुक्कर बसत नाही.