दहिवराचा थर

19 फेब्रुवारी 2012. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेतल्या स्टीव्हन्स पासच्या मागच्या अंगाला पंधरा-सोळा अनुभवी स्कीपटू जमले होते. टनेल क्रीक नावाचा हा उतार स्की केंद्राच्या हद्दीबाहेरचा. स्फोट करून धोक्याचा बर्फ आधीच पाडून टाकायला तिथे कुणी नसतं. काही जण खाली उतरले आणि थोड्याच वेळात उतारावरचा बर्फ सुटला. चौघे त्याबरोबर खाली फरपटत गेले, त्यातले तिघे दगावले. चौथीनं पाठपिशवीतला हवेचा फुगा वेळेवर उघडला होता, ती वाचली.

हिमस्खलन म्हटलं की माथ्यावरून आपसूक कोसळणारा बर्फ डोळ्यांसमोर येतो. पण अशा जीवघेण्या अपघातांत सुमारे 90 टक्के वेळा बर्फ सुटतो तो सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनानं.

टनेल क्रीकचा घात काही दिवस आधीच रचला गेला होता. निरभ्र, थंड रात्री बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षाही गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर थेट स्फटिक होऊन बसते. हेच दहिवर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत गवतावर गोठलेलं दव दिसतं, त्याचंच हे मोठं भावंड: पिसांसारखं, कधी सेंटीमीटरभर उंच, फार देखणं. मग वादळ आलं. नव्या बर्फाची घट्ट लादी झाली. खाली दहिवर मात्र पत्त्यांच्या बंगल्यासारखं उभंच राहिलं.

स्कीपटूच्या वजनाचा दाब बर्फात साधारण मीटरभरच पोचतो. लादी जाड असेल तिथे काही होत नाही. ती पातळ असेल तिथे स्फटिक मोडतात, लादी किंचित खचून वाकते आणि तो वाकच शेजारचे स्फटिक मोडत पुढे धावतो. कधी 'धप्' असा आवाज येतो. सपाटीवर गोष्ट तिथेच थांबते. साधारण 30 अंशांहून तीव्र उतारावर लादी घसरू लागते. म्हणून आधीचे चौघे सुखरूप गेले, यावरून पाचव्याबद्दल काहीच ठरत नाही. पातळ जागा कदाचित त्याच्याच वाट्याला येईल.

थांबलेला बर्फ इतका आवळून बसतो की गाडलेल्या माणसाला बहुधा हातही हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, पुढे गुदमरून आशा झपाट्यानं घटते. तेवढ्या वेळात बाहेरची मदत क्वचितच पोचते. शोधायचं असतं सोबत्यांनीच: गाडलेल्याच्या अंगावरच्या संदेशयंत्राचा माग काढत, लांब सळई खुपसत, फावड्यानं उपसत.