बंद नळामागची पाइपलाइन

शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासणीत उत्तम ठरतं, आणि तरीही त्याच गावात जुलाबांची साथ येते. यात केंद्राची चूक असेलच असं नाही. तिथलं शास्त्र जुनं आणि पक्कं आहे: तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकत्र येऊन तळाशी बसतात, उरलेला गढूळपणा वाळूचा थर अडवतो, शेवटी क्लोरीन जंतू मारतं. पाण्याची खरी परीक्षा त्यानंतर, रस्त्याखाली होते.

बहुतेक छोट्या नगरपरिषदा तास-दोन तास पाणी सोडतात, कुठे तर दिवसाआड. पाणी सुरू असताना पाइपात दाब असतो, त्यामुळे सैल जोडातून पाणी बाहेर गळतं. व्हॉल्व्ह बंद झाला की पाणी उताराकडे निघून जातं आणि वरच्या भागात दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. मग तोच जोड उलटा काम करतो, भोवतीचं पाणी आत ओढतो. शेजारून गटार जात असेल तर काय आत येणार, हे सांगायला नको. नळाला थेट मोटर लावणाऱ्या घरांमुळे ही ओढ आणखी वाढते. नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावं असा दंडक आहे. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टमध्ये (ऑर्थोटोलिडिन चाचणीत) पाणी पिवळं होतं ते यामुळेच. पण एवढंसं क्लोरीन गटाराच्या पाण्याला पुरं पडत नाही.

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटणारा आजार, याचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्याकडे वळला. महानगराच्या कडेला ही स्थिती, तर सासवड, भोर, जुन्नरसारख्या गावांनी किती जपायला हवं!

उपाय म्हणजे पाइप सतत भरलेला ठेवणं. ‘चोवीस तास सोडलं तर धरण पुरेल का?’ हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर रात्री मिळतं. गावाचे छोटे विभाग पाडायचे, प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर बसवायचं आणि पहाटे तीनच्या सुमारास वाचायचं. गाव झोपलेलं असताना जे वाहतं, त्यातलं बरंचसं गळतीचं. ती आधी शोधली तर पाणी वाचतं. कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर आणि जास्त वापराला चढा दर लावून चोवीस तास पुरवठा करून दाखवला आहे. माझ्या मते नवी टाकी बांधण्याआधी हे मोजमाप व्हायला हवं.

नळाने आलेलं पाणी मोरीतून परत जातंच. तीस हजार वस्तीला माणशी 135 लिटर धरले तर रोज 40.5 लाख लिटर. त्यातलं साधारण 80 टक्के, म्हणजे 32 लाख लिटर सांडपाणी. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं, आणि सोलापूर त्याच धरणाचं पाणी पितं.

हे सांडपाणी शुद्ध करायला छोट्या गावाला मोठ्या शहराचा प्रकल्प लहान करून देणं मला पटत नाही. त्यातल्या घाण खाणाऱ्या जिवाणूंना अहोरात्र हवा लागते. वीज गेली, हवा सोडणारा ब्लोअर बराच वेळ थांबला, की ते मरू लागतात आणि पुन्हा वाढायला कित्येक दिवस घेतात. उथळ तळी किंवा पाणवनस्पतींच्या वाफ्यांना जागा जास्त लागते, पण वीज जवळजवळ लागत नाही, आणि गाळ काढणं व गवत कापणं ही कामं गावातल्याच माणसांना जमतात.