गणन-अक्षमतेला नाव मिळेपर्यंत

1896 साली डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाविषयी टिपण लिहिले. मुलगा हुशार होता, पण स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करी आणि साधी वाक्येही त्याला वाचता येत नसत. 785852017 ही संख्या मात्र त्याने चटकन आणि बिनचूक वाचली. वाचनातील अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियाचा, इतिहास सांगताना या टिपणाचा उल्लेख हमखास येतो, पण त्यातल्या या संख्येकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. अक्षरे आणि आकडे ही दोन्ही कागदावरची चिन्हेच. तरी एक अडते आणि दुसरे अडत नाही. मग याच्या उलट, म्हणजे आकड्यांपाशी अडणारी मुलेही असणार, असा तर्क तेव्हाच करता आला असता. प्रत्यक्षात त्यांच्या अडचणीची, म्हणजे गणन-अक्षमतेची किंवा डिस्कॅल्क्युलियाची, नीट व्याख्या व्हायला आणखी 78 वर्षे गेली.

मधल्या काळात हा विषय पुढे सरकला तो मुख्यतः प्रौढ रुग्णांमुळे. स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ सॉलोमन हेन्शेन यांनी मेंदूला इजा होऊन हिशेब करण्याची क्षमता गमावलेल्या रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या, 1920च्या सुमारास या स्थितीला ‘अकॅल्क्युलिया’ हे नाव दिले आणि आकडेमोड भाषेपासून बरीचशी स्वतंत्र असते, असे मांडले. 1924 साली व्हिएन्नातील योझेफ गेर्स्टमान यांनी 52 वर्षांच्या एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली, जिला स्वतःच्याच हाताचे कोणते बोट कोणते हे सांगता येत नव्हते. पुढे अशा रुग्णांत हे लक्षण लेखन, डावे-उजवे आणि हिशेब यांतील अडचणींसह आढळले व त्याचा संबंध मेंदूच्या डाव्या अर्धगोलातील, कानाच्या वर-मागे असलेल्या भागाशी जोडला गेला. मूल मोजायला शिकते तेच बोटांवर, त्यामुळे बोटे आणि आकडे एकदम हरवावेत, हे कुतूहलाचे खरेच. पण हा खोल संबंध आहे की निव्वळ शेजार, यावर अजून एकमत नाही.

प्रौढाला हिशेब आधी येत असतो, म्हणून तो गेल्याचे कळते. मुलाच्या बाबतीत शिकणेच अडलेले असते, आणि म्हणून ‘एकशे पाच’ ऐकून 1005 लिहिणाऱ्या मुलाला आळशी किंवा मंद ठरवणे सोपे जाई. 1963 साली शिकागोत पालकांच्या सभेत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांनी ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा मांडली. अशा शिक्क्यांविषयी ते स्वतः साशंक होते, पण पालकांनी ती उचलून धरली. तरीही बराच काळ सारा भर वाचनावरच राहिला.

गणिताची कोंडी फुटली ती 1974 साली. ब्रातिस्लाव्हाचे मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी ‘विकासात्मक डिस्कॅल्क्युलिया’ची, म्हणजे इजेने न येता वाढीच्या वयातच दिसणाऱ्या गणन-अक्षमतेची, व्याख्या करताना ही अक्षमता सर्वसाधारण बुद्धिमत्तेपासून वेगळी काढली, तिची मुळे जन्मजात मेंदूरचनेत शोधली आणि आपल्या पाहणीतील सुमारे 6 टक्के मुलांत ती असल्याचे नोंदवले. त्यांनी केलेले सहा प्रकार प्रत्यक्ष मुलात क्वचितच सुटे सापडतात. त्यांची व्याख्या मात्र टिकली.

त्यानंतर संशोधकांचे लक्ष आकडेमोडीच्याही मागे, प्रमाणाच्या जाणिवेकडे, म्हणजे समोर किती वस्तू आहेत हे उमजण्याकडे गेले. 1992 साली मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी पाच महिन्यांच्या बाळांना पडद्यामागे एकामागून एक बाहुली ठेवून दाखवली. पडदा हटल्यावर दोनऐवजी एकच बाहुली दिसली, की बाळे अधिक वेळ टक लावून पाहत, जणू त्यांना ते अनपेक्षित वाटे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ब्रायन बटरवर्थ यांनी डिस्कॅल्क्युलिया ओळखण्यासाठी 2003 साली आणलेल्या चाचणीत ठिपके मोजण्याचा वेळही पाहिला जातो. तीन ठिपके बहुतेकांना न मोजता कळतात. काही मुले तेही एकेक करून मोजतात. सगळा दोष या जाणिवेचा मानायचा की कार्यकारी स्मृतीचाही (काम करताना माहिती तात्पुरती मनात धरून ठेवण्याच्या क्षमतेचाही), हा वाद त्यातूनच वाढला.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013च्या निदानपुस्तिकेने वाचन, लेखन आणि गणित यांतील अडचणी ‘विशिष्ट अध्ययन विकार’ या एकाच शीर्षकाखाली आणल्या आणि बुद्ध्यंक व गुण यांतील तफावतीची जुनी अट काढून टाकली. त्याऐवजी अडचणीवर नेमकी मदत देऊनही ती किमान 6 महिने टिकलेली असावी, असे ठरले. त्यामुळे एका दिवसाच्या चाचणीइतकेच महत्त्व आता वर्गातल्या वहीला आले आहे.