पार्श्वभूमी: स्टेरॉइडनंतर सोनोग्राफीत बाळाची फुप्फुसं किती कळतात?

दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. औषध लागू पडलं का, हे सोनोग्राफीत दिसावं असं डॉक्टरांना आणि घरच्यांनाही वाटतं.

न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगांतून हा उपचार निघाला. स्त्रियांवरची पहिली मोठी चाचणी १९७२ ची. तेव्हा फुप्फुसांची तयारी पाहायला पोटात सुई घालून गर्भजल काढत. सुई टळावी म्हणून सोनोग्राफीत वारेची प्रतवारी झाली, फुप्फुसाची छटा यकृताशी ताडून पाहिली. भरवसा ठेवावा असं त्यातलं काहीच ठरलं नाही.

भारतातला खरा वाद २०१४ चा, आणि त्यात नागपूर थेट आहे. त्या वर्षी केंद्राने गरोदरपणाच्या २४ ते ३४ आठवड्यांसाठी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस ठरवले आणि मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस एएनएमच्या, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकेच्या, हाती दिला. काही महिन्यांतच, हेच इंजेक्शन गावपातळीवर देऊन सहा देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. जवळपास १ लाख जन्मांच्या त्या चाचणीत नागपूर भागही होता. अगदी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत; एकूण नवजात मृत्यू मात्र हजारी साधारण साडेतीनने वाढले आणि मातांमध्ये संसर्गाची शंकाही वाढली. औषधच घातक, असा अर्थ काहींनी काढला. मला तो पटत नाही. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची बाळं तितकी लहान नव्हतीच. गावात पाळीच्या तारखेवर आठवडे मोजले की असंच होणार. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे नक्की करून, २६ ते ३३ आठवड्यांत हेच औषध दिलं, तेव्हा नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले.

अलीकडे फुप्फुसाच्या धमनीतला रक्तप्रवाह डॉप्लरने, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीने, मोजतात, संगणक चित्राचा पोत वाचतो. स्टेरॉइडनंतर प्रवाह बदलल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं, सगळ्यांत नाही. त्यामुळे पुन्हा कोर्स द्यायचा का, हे आजही आधीच्या कोर्सला किती दिवस झाले आणि प्रसूती किती जवळ आली यावर ठरतं.

गडचिरोली, भंडारा, छिंदवाड्याहून रात्री नागपुरात पोचणाऱ्या बाईच्या फाइलमध्ये पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी असली, तर आठवड्यांचा हिशेब काही दिवसांच्या फरकाने लागतो. शेवटच्या तिमाहीतल्या पहिल्याच सोनोग्राफीत तो तीन आठवड्यांनीही चुकू शकतो, आणि इंजेक्शन द्यायचं की नाही, हे तर त्याच आकड्यावर ठरवायचं असतं.